गोड्या पाण्यातील मासळीची निर्यात : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

रोहू, कटला, पंगस किंवा तिलापिया यांसारखी तळ्यात वाढवलेली मासळी भारतातून परदेशी पाठवू इच्छिणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की, एमपेडा म्हणजेच सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण केवळ समुद्रातील मासळीसाठी आहे. प्रत्यक्षात १९७२ च्या कायद्यातील व्याख्येत सर्व प्रकारची मत्स्य उत्पादने येतात, त्यामुळे गोड्या पाण्यातील मासळीच्या निर्यातदारानेही तेथे नोंदणी करणे आवश्यक असते.

त्याआधी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन असून त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि व्यवसायाच्या नावाच्या बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश किंवा बँकेचे प्रमाणपत्र एवढ्यावर हा टप्पा पूर्ण होतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात कोडची माहिती, बदल नसला तरी, पुन्हा निश्चित करावी लागते. अन्यथा तो निष्क्रिय होतो. याशिवाय जीएसटी नोंदणी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना लागतो. कर न भरता निर्यात करायची असल्यास जीएसटी पोर्टलवर हमीपत्र सादर करावे.

एमपेडाकडे अर्ज करताना आपण कोणत्या वर्गात बसतो हे आधी ठरवावे. स्वतःचा प्रक्रिया कारखाना असणारा उत्पादक निर्यातदार ठरतो, तर दुसऱ्याच्या कारखान्यात माल तयार करून घेणारा व्यापारी निर्यातदार ठरतो व त्याला त्या कारखान्याशी केलेला करार दाखवावा लागतो. शोभिवंत माशांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. नवख्या माणसाने आधी मान्यताप्राप्त कारखान्याशी करार करून काम सुरू करावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण कारखान्याची मान्यता हाच या प्रक्रियेतील सर्वांत खर्चिक भाग आहे.

ही मान्यता निर्यात तपासणी परिषद आपल्या विभागीय अभिकरणांमार्फत देते. त्यांपैकी एक मुंबईत आहे. पाण्याची शुद्धता, बर्फाची प्रत, कामगारांची आरोग्य तपासणी, शीतसाखळी आणि हॅसॅप (प्रक्रियेतील धोक्याचे टप्पे ओळखून ते नियंत्रणात ठेवण्याची पद्धत) पद्धतीच्या नोंदी यांची पाहणी होते. गोठवलेल्या मालाच्या गाभ्याचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राखले जाते. पण कारखाना कितीही उत्तम असला, तरी माशाच्या मांसात क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान किंवा मॅलाकाइट ग्रीन या बंदी असलेल्या औषधांचा वा रसायनाचा अंश सापडला, तर माल परत येतो किंवा नष्ट केला जातो. हा दोष तळ्यावरच शिरलेला असतो आणि पुढे कोणत्याही प्रक्रियेने जात नाही. म्हणून मत्स्यबीज कोठून आणले, कोणते खाद्य व औषध केव्हा दिले आणि मासळी कधी काढली, याची तळेनिहाय नोंदवही मत्स्यपालकाकडून पहिल्या दिवसापासून घ्यावी. माल काढणीला आल्यावर ती तयार करता येत नाही.

बाजारपेठेनुसार अटी बदलतात. युरोपीय संघाला पाठवण्यासाठी कारखान्याचे नाव त्यांच्या मान्य यादीत असावे लागते, आणि वाढवलेल्या माशांच्या बाबतीत औषध-अवशेष नियंत्रणासाठी देशालाही त्या गटापुरती मान्यता असावी लागते. तेथे समुद्रातील मासळीला लागणारे मासेमारी प्रमाणपत्र गोड्या पाण्यातील मासळीला मात्र लागत नाही. अमेरिकेत पंगससारखे कॅटफिश गटातील मासे कृषी विभागाच्या अखत्यारीत येतात आणि ज्या देशांची तपासणी व्यवस्था समतुल्य मानली गेली आहे, तेथूनच ते स्वीकारले जातात. रोहू-कटल्यासाठी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी आणि माल पोहोचण्यापूर्वीची सूचना आवश्यक असते. त्यामुळे प्रजाती आणि देश यांची जोडी ठरवूनच खर्चाला हात घालावा.

प्रत्यक्ष पाठवणीच्या वेळी बीजक, पॅकिंग यादी, आरोग्य प्रमाणपत्र, उत्पत्ती प्रमाणपत्र आणि सीमाशुल्क विभागाकडे ऑनलाइन दाखल केलेले शिपिंग बिल लागते. त्यासाठी बँकेचा अधिकृत विक्रेता कोड (एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँकेचा क्रमांक) संबंधित बंदरावर आधी नोंदवलेला असावा. मासा जिवंत, ताजा, गोठवलेला की फिलेट (काटे काढलेले मांसाचे तुकडे), यावर सीमाशुल्काच्या वर्गीकरणातील ०३०१ ते ०३०४ पैकी शीर्षक ठरते. ते आरोग्य प्रमाणपत्रातील वर्णनाशी तंतोतंत जुळले पाहिजे, कारण तफावत निघाल्यास नाशवंत माल बंदरावर अडकून पडतो.