गुडघ्याला चालण्यातून अन्न मिळतं

आईचं घर गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. एक्स-रे बघून कुणीतरी “गुडघे झिजलेत” म्हणालं आणि तिनं जिना उतरणंच सोडलं. दूध, भाजी सगळं वर येऊ लागलं. चार महिन्यांनी खुर्चीतून उठतानाही तिला हात टेकावे लागायचे.

या ‘झिजलेत’ शब्दाचा मला राग येतो. तो ऐकला की डोळ्यांपुढे गाडीचा टायर येतो. जेवढा वापर तेवढी झीज, म्हणून जपून वापरा! पण हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, म्हणजे कूर्चा, जिवंत असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, तिच्यातलं थोडं पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की स्पंजासारखी ती द्रव पुन्हा शोषून घेते. बसून राहिलं की ही ये-जा मंदावते.

गेलेली कूर्चा व्यायामानं परत येत नाही, हे खरं. पण एक्स-रेतली झीज आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट असेल तर पावलाचा धक्का तो झेलतो, आणि बसून राहिल्यानं आधी तोच दुबळा होतो. म्हणून आईची सुरुवात खुर्चीपासून झाली: हात न टेकता उठायचं, हळूहळू बसायचं, दहा वेळा. मग उताणं झोपून गुडघा ताठ ठेवत एकेक पाय वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजायचे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं तर आकडा कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही. मात्र सांधा लाल, गरम होऊन सुजला किंवा अडकून बसला, तर आधी डॉक्टर.

वजनाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की 1 किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. शिवाजी पार्कच्या एका फेरीत हजारावर पावलं पडतात, म्हणजे बघा!

दुखणं जास्त असेल तेव्हा उकिडवं बसणं आणि जमिनीवर मांडी घालणं टाळावं, कमोड वापरावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण उलटी धरतात.

आई आता रोज एकदा खाली भाजीवाल्यापर्यंत जाते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठड्याला हात. मधल्या मजल्यावर शेजारणीशी दोन शब्द बोलून पुढचा जिना घेते.