साचा आधी, कथा मागून : वॉरहॅमरच्या सैन्यांची पार्श्वभूमी

वॉरहॅमर हा टेबलावर छोट्या शिपायांची सैन्ये मांडून लढाई खेळण्याचा खेळ आहे. तो खेळणारी दोन अनोळखी माणसे भेटली, की पहिला प्रश्न ‘तुझी आर्मी कोणती?’ हाच असतो, आणि उत्तर मिळाल्यावर बोलणे नियमांपेक्षा त्या सैन्याच्या इतिहासाकडेच अधिक वळते. अमुक सेनापती खरोखर मेला का, अमुक ग्रह पडला तो कोणाच्या चुकीने, नव्या कोडेक्समध्ये जुनी हकीकत का बदलली, यावर तासन्‌तास वाद चालतात. कोडेक्स म्हणजे एका सैन्याचे नियम आणि त्याची कथा एकत्र देणारे पुस्तक. ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही त्याला काल्पनिक इतिहासावरून एवढे हमरीतुमरीवर येणे विचित्र वाटेल. या वादांचे मूळ समजण्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी : या खेळात शिपायाचा साचा बहुधा आधी तयार झाला, त्याला शोभेल अशी कथा मागून लिहिली गेली, आणि या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून गेम्स वर्कशॉप या एकाच कंपनीच्या हातात राहिल्या.

छोट्या शिपायांनी लढाई खेळण्याची कल्पना अर्थातच जुनी आहे. प्रशियामध्ये राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी युद्धखेळाचे नियम रचले आणि मुलाने १८२४ साली सुधारून प्रसिद्ध केलेला खेळ तिथल्या लष्कराने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगने लाकडी गोळा उडवणाऱ्या खेळण्यातल्या तोफा घेऊन घरात खेळायच्या लढाईचे नियम छापले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिकेत नेपोलियनकालीन किंवा रोमन सैन्ये उभी करणाऱ्या हौशी मंडळींचा वर्ग वाढत गेला. त्यांच्या वादांना एक पक्का आधार होता, तो म्हणजे खरा इतिहास. वॉटर्लूच्या लढाईत कोणत्या पलटणीच्या कोटाची कॉलर कोणत्या रंगाची होती, हा प्रश्न ग्रंथालयात जाऊन सुटत असे. काल्पनिक विश्वाच्या बाबतीत हे ग्रंथालयच विक्रेत्याच्या मालकीचे असते, आणि पुढचा सारा गुंता तिथून सुरू होतो.

गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये जॉन पीक, इयन लिव्हिंगस्टन आणि स्टीव्ह जॅक्सन या तीन मित्रांनी सुरू केली. सुरुवातीला ते पारंपरिक खेळांचे लाकडी पट बनवत. लवकरच अमेरिकेत १९७४ साली निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ त्यांच्या हाती लागला, त्याच्या युरोपातील विक्रीचे हक्क मिळाले आणि कंपनीची दिशा बदलली. १९७७ साली ‘व्हाइट ड्वार्फ’ हे मासिक निघाले, पुढच्या वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ भागात पहिले दुकान उघडले, आणि त्याच सुमारास ब्रायन ॲन्सेल यांच्याबरोबर धातूच्या मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या मूर्ती, ओतणारी सिटाडेल ही जोडकंपनी नॉटिंगहॅमजवळच्या नेवार्क गावी उभी राहिली.

सिटाडेलपुढची अडचण साधी होती. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एका खेळाडूला स्वतःच्या पात्राचा एकच शिपाई पुरतो. ओतकाम जोरात चालवायचे तर गिऱ्हाइकाला एकाऐवजी पन्नास शिपाई घ्यावेसे वाटतील असा खेळ हवा होता. १९८३ साली ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी ‘वॉरहॅमर’ काढला तो या गरजेतून. लोकांकडे आधीच असलेले एल्फ, ड्वार्फ, गॉब्लिन अशा परीकथांतल्या जमातींचे शिपाई एकत्र करून मोठी लढाई खेळता यावी, एवढाच त्याचा हेतू होता. पहिल्या आवृत्तीत आज ज्याला ‘ओल्ड वर्ल्ड’ म्हणतात ते जग जवळजवळ नव्हतेच. पुढच्या आवृत्त्यांनी थोडे थोडे करून नकाशे, राजघराणी आणि जुनी वैरे भरत ते जग उभे केले.

१९८७ साली प्रीस्टली यांचा अवकाशयुगातील खेळ आला. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या नावापुढे तेव्हा ‘रोग ट्रेडर’ असे उपशीर्षक होते. सोन्याच्या सिंहासनावर मरणासन्न अवस्थेत हजारो वर्षे जिवंत ठेवलेला सम्राट आणि त्याच्या नावाने चालणारे क्रूर, अंधश्रद्ध साम्राज्य हा गाभा तेव्हापासून आहे, पण बाकी कितीतरी गोष्टी आजच्या चाहत्याला ओळखू येणार नाहीत. अल्ट्रामरीन्स या आज सर्वांत शिस्तबद्ध मानल्या जाणाऱ्या पलटणीत तेव्हा अर्धा मनुष्य आणि अर्धा एल्डार (या विश्वातली एक परग्रही जमात) असलेला अधिकारी होता. आजच्या कथेनुसार ही गोष्ट अशक्य आहे. जुने खेळाडू तो परिच्छेद अजूनही आवर्जून दाखवतात, कारण ‘हे पहिल्यापासून असेच होते’ या दाव्याला त्याहून नेमके उत्तर नाही.

त्याच सुमारास प्लास्टिकच्या तीस स्पेस मरीन्सची (साम्राज्याचे चिलखती योद्धे; अल्ट्रामरीन्स ही त्यांचीच एक पलटण) पेटी बाजारात आली. चोचीसारख्या शिरस्त्राणामुळे चाहते त्यांना आजही प्रेमाने ‘बीकी’ म्हणतात. धातूच्या मानाने प्लास्टिक स्वस्त पडते, पण त्याचा पोलादी साचा फार महाग असतो. साचा एकदा बनवला, की त्यातून जितके नग काढावेत तितका तो परवडतो. ही कारखान्यातली गोष्ट लक्षात ठेवली, तर वॉरहॅमरमधल्या सर्वांत गाजलेल्या कथेचा जन्म कळतो.

१९८८ साली जर्विस जॉन्सन यांनी रचलेला ‘ॲडेप्टस टायटॅनिकस’ हा महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचा खेळ निघाला. पेटीत प्लास्टिकचे सहा टायटन होते आणि सहाही हुबेहूब सारखे, कारण खर्चात एकाच प्रकारच्या टायटनचा साचा बसत होता. मग दोन्ही बाजूंकडे एकच यंत्र का, याचे कथेत काहीतरी उत्तर हवे. उत्तर म्हणून गृहयुद्ध योजले गेले : सम्राटाचा लाडका सेनापती होरस फितूर झाला, निम्मे सैन्य त्याच्या बाजूला गेले, आणि भाऊ भावाविरुद्ध एकाच शस्त्राने लढला. पेटीतली विसंगती झाकण्यासाठी घातलेले हे ठिगळ पुढे ‘होरस हेरेसी’ म्हणून त्या विश्वाचा महाभारतासारखा मूळ प्रसंग झाले. २००६ पासून त्यावर कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली आणि तिचा शेवटचा भाग यायला २०२४ साल उजाडले. मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. टंचाईतून निघालेली तडजोड इतकी खोल शोकांतिका होऊ शकली, याचे श्रेय त्या लेखकांना आणि तितकेच ती कथा मनावर घेणाऱ्या खेळाडूंना द्यायला हवे.

खेळाडू ती मनावर का घेतात, हे एक शिपाई हातात घेतल्याशिवाय कळत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मांडतो ते मावळे कुंभाराने रंगवूनच दिलेले असतात. इथे पेटीतून निघते ती राखाडी प्लास्टिकची चौकट, आणि तिच्यात हात, पाय, डोके, बंदूक असे सुटे भाग अडकलेले असतात. चिमट्याने एकेक भाग कापायचा, साच्याच्या जोडाची केसाएवढी रेघ पात्याने खरवडायची, गोंदाने जोडायचे, अस्तराचा फवारा मारायचा, मग पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन थर द्यायचे. खांद्याच्या कवचावरचे पलटणीचे चिन्ह नखाएवढ्या जागेत बसवताना श्वास रोखून धरावा लागतो. त्यानंतर काळपट पातळ रंग खाचांत सोडायचा आणि तो वाळल्यावर कडांवर उजळ रेघ ओढायची. सरावलेल्या हातालाही एका शिपायाला काही तास लागतात, आणि सैन्य पन्नास-शंभर शिपायांचे असते. निळा रंग निवडला, की अल्ट्रामरीन्सचा सारा इतिहास त्यासोबत घरी येतो. म्हणून कथेतला बदल हा खेळाडूच्या कपाटापर्यंत पोहोचणारा बदल असतो.

याचा पहिला मोठा चटका स्क्वॉट या सैन्याच्या खेळाडूंना बसला. स्क्वॉट म्हणजे अवकाशातले ड्वार्फ. ठेंगणे, दाढीवाले आणि मोटारसायकलींवर फिरणारे. १९९०च्या दशकात ते हळूहळू गळाले, नवे कोडेक्स आलेच नाही, आणि पुढे त्यांच्या वसाहती टायरानिड नावाच्या कीटकसदृश झुंडींनी खाल्ल्या असे सांगितले गेले. आपल्याला या सैन्याला न्याय देता आला नाही, असे जॉन्सन यांनी नंतर मोकळेपणाने लिहिले. तोवर चाहत्यांच्या भाषेत ‘स्क्वॉट होणे’ हे क्रियापद रूढ झाले होते, आणि एखाद्या सैन्याला बरीच वर्षे नवी मिनिएचर मिळाली नाही, की त्याचे खेळाडू आजही हाच शब्द धास्तीने उच्चारतात. २०२२च्या १ एप्रिलला कंपनीने या ड्वार्फांच्या पुनरागमनाची चुणूक दाखवली तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. त्याच वर्षी ‘लीग्ज ऑफ व्होटान’ या नावाने ते खरोखर परतले.

सैन्य शिल्लक ठेवून त्याचा स्वभाव पालटण्याचे ठळक उदाहरण नेक्रॉन हे आहे. २००२च्या कोडेक्समध्ये ते ताराभक्षक देवांचे मुके, इच्छाशून्य धातूचे गुलाम होते. २०११च्या कोडेक्सने सांगितले, की त्यांनी त्या देवांविरुद्ध बंड करून त्यांचे तुकडे केले, आणि नेक्रॉनांना राजे, दरबार, मानापमान आणि वेगवेगळे स्वभाव मिळाले. आधीची कथा मागे जाऊन दुरुस्त करण्याच्या या प्रकाराला चाहते ‘रेटकॉन’ म्हणतात. ज्यांनी निर्विकार, भयाण सैन्य म्हणून नेक्रॉन निवडले त्यांना हे आपल्या सैन्याचे हसे वाटले, तर इतरांना बोलण्यासारखी पात्रे मिळाल्याचा आनंद झाला. मला नवी कथा अधिक समृद्ध वाटते, तरी पहिल्यांची तक्रार खोटी ठरवता येत नाही, कारण त्यांनी विकत घेतलेली भीती त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती.

काही काळ कंपनीने कथा खेळाडूंच्या हाती देऊन पाहिली. २००३च्या उन्हाळ्यात ‘आय ऑफ टेरर’ आणि २००४ मध्ये ‘स्टॉर्म ऑफ केऑस’ अशा जगभरच्या मोहिमा झाल्या, ज्यांत खेळाडूंनी आपापल्या लढायांचे निकाल कळवायचे आणि त्यांच्या बेरजेवरून पुढचा इतिहास ठरायचा. दुसऱ्या मोहिमेत जगबुडी आणायला निघालेल्या आर्केऑनच्या सैन्याला खेळाडूंनी अपेक्षेइतके पुढे सरकूच दिले नाही, आणि अखेरच्या द्वंद्वात ग्रिमगॉर या ऑर्क सरदाराने त्याला डोक्याची धडक मारून लोळवले. पण दहा वर्षांनी ‘एण्ड टाइम्स’ या मालिकेत हाच प्रसंग नव्याने सांगितला गेला तेव्हा २००४चे निकाल जमेस धरले गेले नाहीत. कॅडिया या ग्रहाचेही तसेच झाले. २००३च्या मोहिमेत तिथले भवितव्य अधांतरी राहिले होते, आणि २०१७च्या कथेत तो ग्रह फुटून गेला. त्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार लढून निकाल पाठवलेल्या माणसांना ही गोष्ट आजही लागते.

‘एण्ड टाइम्स’ने २०१४-१५ मध्ये जुन्या वॉरहॅमरचे संपूर्ण जगच नष्ट केले. कल्पनारम्य जगाचा हा खेळ त्या वेळी अवकाशयुगातल्या भावंडाच्या फार मागे पडला होता. नवख्याला सैन्य उभे करायला प्रचंड संख्येने शिपाई लागत, आणि सर्वसाधारण एल्फ-ऑर्क कोणत्याही कंपनीला ओतता येत असल्याने त्यांवर स्वतःची मालकी सांगणे अवघड होते. जुलै २०१५ मध्ये त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आला. चौकोनी तळांवर (तळ म्हणजे शिपायाच्या पायाखालची बैठक) रांगा लावून उभी राहणारी पथके गेली आणि गोल तळांवरचे मोकळे शिपाई आले. जाडजूड नियमपुस्तकाऐवजी चार पाने मिळाली, आणि दोन सैन्ये तोलामोलाची आहेत की नाही हे ठरवणारे पॉइंट्सही नाहीसे झाले. संतापलेल्या एका खेळाडूने आपले सैन्य जाळून त्याचे चित्रण प्रसिद्ध केले. ते पाहताना त्याच्या कृतीपेक्षा त्या रंगवलेल्या शिपायांत गेलेल्या रात्रींचाच विचार मनात येतो. २०१६ साली पॉइंट्स परत आणल्यावर नवा खेळ सावरला आणि आज त्याचा स्वतःचा निष्ठावान चाहतावर्ग आहे.

अवकाशयुगातल्या विश्वात हीच गोष्ट अधिक सावधपणे झाली. २०१७ साली, आठव्या आवृत्तीच्या सुमारास, अनेक वर्षे एकाच क्षणी थांबलेला काळ पुढे सरकला, अल्ट्रामरीन्सचा आदिपुरुष गिलिमन जागा झाला, आणि ‘प्रायमॅरिस’ नावाचे अधिक उंच, अधिक बांधेसूद स्पेस मरीन आले. कथेत त्याचे कारण एका शास्त्रज्ञाने दहा हजार वर्षे गुप्तपणे केलेले काम असे आहे. कारखान्याच्या बाजूने पाहिले, तर शरीराच्या मानाने आखूड पायांच्या जुन्या साच्यांना निवृत्त करण्याची वेळ आली होती. जुन्या शिपायांना लगेच बाद केले नाही, पण त्यांतले बरेच प्रकार पुढे ‘लेजेंड्स’ या यादीत गेले, जिथे नियम असतात पण स्पर्धांत सहसा जागा नसते. २०२४ मध्ये कस्टोडीज या सम्राटाच्या अंगरक्षकांत स्त्रियाही आहेत असे नव्या कोडेक्समध्ये आले, आणि त्या पूर्वीपासूनच होत्या असे कंपनीने सांगितले. बदलाला विरोध नसलेल्यांपैकीही काहींना ‘पूर्वीपासून’ हा शब्द खटकला.

दरम्यान एक अनपेक्षित गोष्ट घडली. नष्ट झालेल्या ओल्ड वर्ल्डवर आधारित ‘टोटल वॉर : वॉरहॅमर’ हा संगणकीय खेळ मे २०१६ मध्ये आला आणि ज्यांनी कधी रंगाचा ब्रश धरला नव्हता अशा अनेकांना त्या मृत जगाची गोडी लागली. २०१९ मध्ये कंपनीने ते जग पुन्हा आणण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ चौकोनी तळ आणि पथकांच्या रांगांसह दुकानांत आला. कथा जगबुडीच्या बरीच आधीची, तीन सम्राटांच्या भांडणाच्या काळातली निवडली आहे, त्यामुळे ‘एण्ड टाइम्स’ रद्द करावा लागला नाही. ज्यांनी मधल्या काळात तळ कापून गोल केले होते ते आता त्याच शिपायांसाठी चौकोनी तळ आणि ट्रे तयार करत आहेत. नऊ सैन्यांना सुरुवातीलाच पूर्ण पाठबळ मिळाले. डार्क एल्फ, स्केव्हन, लिझर्डमेन यांच्यासह सात सैन्यांना मात्र फक्त नियमांच्या यादीची मोफत फाइल मिळाली, आणि त्यांचे खेळाडू ‘स्क्वॉट’ हा जुना शब्द पुन्हा एकमेकांना ऐकवू लागले.