देवळालीचा ताप

एखाद्याचं डोकं फिरलंय असं हसतहसत सांगायचं असेल, तर ब्रिटनमध्ये आजही 'डूलॅली' म्हणतात. ऐकायला बडबडगीतातला वाटणारा हा शब्द म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. गोऱ्या शिपायांना आपला 'ळ' कुठला जमायला!

इंग्रजांनी १८६१ साली तिथे लष्करी छावणी उभारली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई ठिकठिकाणच्या पलटणींतून या छावणीत यायचे आणि मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहायचे. अडचण एवढीच, की सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटी फक्त हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या. हंगामातली शेवटची बोट हुकली, की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा छावणीतच काढायचा.

फ्रँक रिचर्ड्स हा वेल्श पलटणीतला साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. १९३६ साली छापलेल्या आठवणींत त्याने या मुक्कामाबद्दल लिहिलंय. हत्यारं आधीच काढून घेतलेली, अधूनमधून कवायतीची एखादी रपेट, बाकी दिवसभर करायला काहीच नाही. वर्षानुवर्षं एकही डाग न लागलेली माणसं इथे येऊन भानगडी करायची आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जायची. काहींना गुप्तरोग जडून इस्पितळ गाठावं लागे. कुणी विचित्र वागू लागला, की सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. छावणीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही सांगतात. रिचर्ड्सने मात्र दोष कंटाळ्याला दिला, आणि मला तेच पटतं.

यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. 'डोक्याला ताप' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा जोडशब्द वेगळा समजावून सांगायला नको. पुढे इंग्रजीतून ताप उतरला आणि वेडाचं सगळं खापर एकट्या देवळालीच्या माथी आलं. तेही अशा गावाच्या, जिथे मुंबईची पारशी-गुजराती मंडळी कोरड्या हवेसाठी बंगले आणि सॅनेटोरियम बांधून राहिली!

बीबीसीने १९७४ ते १९८१ दरम्यान दाखवलेली एक विनोदी मालिकाही याच छावणीत सुरू होते, त्यामुळे नाव तिकडे घरोघरी पोचलं. इकडे २००९ साली पुण्यात स्वतःची बिअर गाळणारा एक पब निघाला. त्याचं नाव डूलॅली. उच्चार गोऱ्यांचाच ठेवलाय.