सुटण्याची वेळ: संध्याकाळच्या ट्रॅफिक जॅमची पार्श्वभूमी

१९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुनमधली एक विमान कंपनी एका साध्या गोष्टीने बेजार झाली होती. पुढे ही कंपनी मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोम या नावाने ओळखली गेली. सगळ्या कर्मचाऱ्यांची यायची वेळ एक आणि सुटायची वेळही एक, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आसपासचे रस्ते तुंबायचे. शेवटी कंपनीने क्रिस्टेल केमेरर यांनी मांडलेली कल्पना उचलली: मधले ठरावीक तास सगळ्यांनी हजर राहायचं, बाकी कधी यायचं आणि कधी निघायचं ते ज्याचं त्याने बघायचं. आज ‘फ्लेक्सी टायमिंग’ म्हटलं की घर आणि नोकरी सांभाळण्याची सोय डोळ्यांसमोर येते. त्या कंपनीत ती आली होती ट्रॅफिकवरचा उतारा म्हणून.

घरी परतताना गाडीत अडकलेल्या माणसाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरंच काही करून पाहिलं. रस्ते रुंद केले, सिग्नल बसवले, पूल बांधले. पण मागे वळून पाहिलं तर रस्त्याशी झटापट करून हाती फार थोडं लागलेलं दिसतं. जो काही आराम मिळाला तो एक तर निघायची वेळ सरकवल्याने, नाहीतर गाडीतला वेळ कशाने तरी भरून काढल्याने.

वेळ सरकवण्याची युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. इ.स.पू. पहिल्या शतकात, साधारण ४५च्या सुमारास, ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने रोम शहरात दिवसा मालवाहू गाड्यांना बंदी घातली. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे सूर्य मावळायला दोनेक तास उरेपर्यंत, गाडा रस्त्यावर आणायचा नाही. देवळांचं बांधकाम आणि काही सरकारी कामं एवढीच सूट. मग गाडे रात्री खडखडायला लागले आणि दगडी रस्त्यांवरच्या चाकांनी लोकांची झोप उडवली. कोंडी मेली नाही, रात्रपाळीला गेली.

खरी ‘सुटण्याची वेळ’ मात्र कारखान्यांनी आणली. त्याआधी बहुतेकांचं काम घरात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर असायचं. भोंग्याने हजारो माणसांचा दिवस एकाच ठोक्यावर सुरू केला आणि एकाच ठोक्यावर संपवला. पुढे भोंग्याची जागा कचेरीतल्या घड्याळाने आणि पंचिंग मशिनने घेतली, ठोका तसाच राहिला. दरम्यान घरं लांब जात होती. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली एक निरीक्षण मांडलं. त्याआधी याकोव्ह झाहावी यांच्या अभ्यासातूनही तेच दिसलं होतं. माणूस पायी जाणारा असो की मोटारीतून, दिवसाकाठी प्रवासात तो सरासरी तासभर घालवतो. तासाला पाच किलोमीटर चालणाऱ्याचं गाव मध्यापासून अडीच किलोमीटरवर संपायचं. ट्राम आली, रेल्वे आली, गाडी आली, तसा तो तासभर टिकून राहिला आणि अंतर ताणलं गेलं. वेग वाढला म्हणून माणूस लवकर घरी पोचला नाही, त्याने लांब घर घेतलं. हे वाचून मी थोडा वरमलोच, कारण मीही तेच केलं आहे.

सगळ्यांना एकदम सोडू नये, हे शहाणपण मग आणीबाणीच्या प्रसंगी सुचलं. १९१८च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाची साथ भरात असताना न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी दुकानं, कचेऱ्या, कारखाने यांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठरवून दिल्या. हेतू होता भुयारी रेल्वेतली चेंगराचेंगरी कमी करण्याचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेत गाड्या-बसवरचा ताण हलका करायला असंच झालं. साथ गेली, युद्ध संपलं, की पुन्हा सगळे एकाच वेळी.

एकाच वेळी निघाल्यावर रस्त्यावर नेमकं काय होतं, हे मोजायला सुरुवात झाली ती १९३०च्या दशकात. ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने रस्त्याकडेला कॅमेरा लावून ठरावीक अंतराने फोटो घेतले आणि गाड्यांची दाटी वाढते तसा वेग कसा उतरतो, हे आकड्यांत मांडलं. मोठ्या रस्त्याची एक लेन तासाला साधारण दोन हजार गाड्या वाहून नेते, त्याच्या फार पुढे जात नाही. गंमत अशी की या मर्यादेपलीकडे गाड्या घुसल्या की रस्ता तेवढ्याही गाड्या सोडत नाही. नळाला तोंड तेवढंच, वर बादली उलटली म्हणून धार वाढत नाही. इथे तर ती बारीक होते.

आणि अडथळा नसतानाचा जॅम? पाऊण तास रांगेत काढावा, पुढे अपघात असेल, रस्ता खोदला असेल असं मनाशी धरावं, आणि एका ठिकाणी रस्ता मोकळा व्हावा. तिथे काहीच नसतं. २००८ साली युकी सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी हे कोडं मैदानात उतरवलं. २३० मीटर घेराचा एक गोल आखला, त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास नीट चालवत राहा. सिग्नल नाही, चौक नाही, कोणी आडवं येत नाही. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग कोणीतरी किंचित मंदावला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि चार-पाच गाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढच्या सुटत गेल्या, मागून नव्या येऊन चिकटत राहिल्या, आणि तो थांबलेला घोळका ताशी सुमारे २० किलोमीटरने उलट्या दिशेने गोलभर फिरत राहिला.

संध्याकाळी अंधार पडल्यावर ही लाट डोळ्यांनी दिसते. उतारावरून लांबवर बघावं: लाल दिवे एकामागून एक पेटत आपल्याकडे येतात, आपल्याला गाठतात, आरशात मागे जाताना दिसतात. मॅन्युअल गाडी असेल तर डाव्या पायाला ती आधी कळते. क्लच, पहिला गियर, दहा फूट, पुन्हा क्लच. काही वर्षांनी अमेरिकेत ॲरिझोनात असाच गोल आखून त्यात एकच स्वयंचलित गाडी घातली गेली. ती पुढच्याच्या अंगावर न जाता, मागे जरा अंतर ठेवून एकसारखी चालत राहिली, तर लाट विरून गेली. हे वाचल्यापासून मी शक्यतो पुढे मोकळी जागा सोडून दुसऱ्या गियरवर सावकाश चालतो. त्या जागेत कोणीतरी घुसतोच. घुसू दे. पोचायला जास्त वेळ लागत नाही आणि पाय दुखत नाही.

लेन बदलण्याचंही तसंच. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ साली दाखवून दिलं की शेजारची लेन आपल्यापेक्षा वेगाने चालल्याचा भास होतो, दोन्हींचा सरासरी वेग सारखा असला तरीही. आपण ज्यांना मागे टाकतो ते झटकन नजरेआड होतात. जे आपल्याला मागे टाकतात ते बराच वेळ समोर दिसत राहतात. शिवाय आपण पुढे सरकतो तेव्हा भराभर चार-सहा गाड्या मागे पडतात, आणि आपण रखडलेलो असताना शेजारच्या एकेक करून जाताना आपण मोजत बसतो. संध्याकाळच्या निम्म्या शिव्यांचं मूळ इथे असावं.

रस्ते रुंद करण्याची गोष्ट लवकर संपवतो. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच लिहून ठेवलं होतं की शहरातल्या गर्दीच्या वेळचा द्रुतगती मार्ग कितीही वाढवा, तो भरतोच. नवा रस्ता मोकळा दिसला की आधी लवकर निघणारे वेळेवर निघतात, आडवाटेने जाणारे मुख्य रस्त्यावर येतात, रेल्वेने जाणारे गाडी काढतात. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ साली रुंद करून पुरा झाला, काही भागांत फाटे आणि सेवारस्ते धरून २६ लेनपर्यंत. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी त्यावरून जायला पुन्हा जास्त वेळ लागू लागला.

विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने प्रश्न वेळेचा म्हणूनच मांडला. १९६९ साली त्यांनी एक चिंचोळी जागा कल्पिली, जिच्यातून सगळ्यांना जायचं आहे. लवकर निघालो तर रांग नाही पण अवेळी पोचतो. हव्या त्या वेळी निघालो तर रांगेत झिजतो. प्रत्येक जण मनातल्या मनात हा हिशेब मांडतो आणि त्या हिशेबातूनच रांग तयार होते. त्यांचं म्हणणं, रांगेत वेळ जाळण्याऐवजी वेळेनुसार पैसे आकारा. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले.

सिंगापूरने हे जून १९७५मध्ये करून पाहिलं. सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागात शिरायचं तर परवाना घ्या. सकाळची गर्दी धाडकन उतरली. आखणाऱ्यांचा अंदाज असा की सकाळी जे गाडीने आले नाहीत ते संध्याकाळी गाडीने परतणार तरी कसे; तेव्हा संध्याकाळ आपोआप मोकळी होईल. ती झाली नाही. मध्यभागातून आरपार जाणारे होते, परवान्याची सकाळची वेळ संपल्यावर आलेले होते, घरच्यांना न्यायला आलेले होते. अखेर १९८९ साली संध्याकाळच्या वेळेलाही परवाना लावावा लागला.

संध्याकाळ सकाळची उलटी प्रत नाही, हा त्यातला धडा मला मोलाचा वाटतो. सकाळी सगळ्यांच्या डोक्यावर एक ठरलेली वेळ असते, म्हणून गर्दी टोकदार आणि आखूड. संध्याकाळी तशी सक्ती नसते, पण वाटेत थांबे असतात: पोराला क्लासवरून घ्यायचं, औषधं आणायची, कोणाला तरी भेटायचं. कामावरून परतणारे आणि नुकते बाहेर पडलेले एकाच रस्त्यावर येतात. त्यामुळे संध्याकाळची गर्दी पसरट आणि लांब. तिला एका तासाने चुकवता येईलच असं नाही, आणि चुकवण्याची मुभाही वरिष्ठाला जास्त असते, पाळीवाल्याला नसते.

स्टॉकहोमने २००६ साली सात महिने प्रयोग म्हणून शुल्क लावलं, आत येताना आणि बाहेर जातानाही, गर्दीच्या वेळी जास्त. आधी लोक विरोधात होते. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाली, आणि त्याच सप्टेंबरात शहराने मतदान करून ते ठेवायचं ठरवलं.

ज्यांच्या हाती ना वेळ होती ना शुल्क, त्यांनी गाडीत बसल्या बसल्या मार्ग काढला. १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने गाडीत बसणारा परवडण्याजोगा रेडिओ आणला, नाव ठेवलं मोटोरोला. पुढे रेडिओ केंद्रांची सकाळ-संध्याकाळची मोलाची वेळच मुळी गाडीत अडकलेल्यांच्या नावाने ‘ड्राइव्ह टाइम’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. लॉस एंजेलिसला रोज तास-तासभर ये-जा करणारे ड्युव्हॉल हेक्ट, १९५६च्या ऑलिंपिकमधले नौकानयनाचे सुवर्णपदकविजेते, रेडिओला कंटाळले आणि १९७५ साली त्यांनी अख्खी पुस्तकं वाचून टेपवर भरून टपालाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. आजच्या ऑडिओबुकच्या धंद्याचं एक मूळ असं जॅममध्ये आहे.

नकाशांनी वेगळं वळण दिलं. मे २०००मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि गाडी कुठल्या रस्त्यावर आहे ते नीट कळू लागलं. मग प्रत्येकाचा मोबाइल आपला वेग कळवू लागला आणि लाल रेषा पडद्यावर आली. आडवाटा सगळ्यांना एकाच वेळी सापडल्या. न्यूजर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावातून न्यूयॉर्कला जोडणाऱ्या पुलाकडे जाणाऱ्या गाड्यांचा असा लोंढा सुरू झाला, की २०१८च्या जानेवारीत गावाने गर्दीच्या वेळी गल्ल्या परक्यांना बंदच केल्या. त्याच वर्षी न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. मला अंदाजे वेळ कळल्याचा फायदा रस्ता बदलण्यापेक्षा जास्त होतो. ‘आठ वाजतील’ असं घरी कळवून टाकलं की घड्याळाकडे बघणं थांबतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या नऊशेहून अधिक नोकरदार स्त्रियांना दिवसभरातल्या कामांबद्दल विचारलं, तेव्हा कामावरचा प्रवास आनंदाच्या यादीत तळाला निघाला. पण त्याच्या काही वर्षं आधी लोथलॉरियन रेडमंड आणि पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, तुमच्या मनासारखा प्रवास किती मिनिटांचा? शून्य म्हणणारे अगदी थोडे निघाले. सरासरी उत्तर होतं १६ मिनिटं.

कामाचं डोकं उतरवायला तेवढी जागा लागत असावी. काल जॅममधून दीड तासाने सुटलो, गाडी लावली, इंजिन बंद केलं. ऐकत होतो त्या पुस्तकाचं प्रकरण संपायला चार मिनिटं बाकी होती. शेजारच्या जागेवरची गाडीही बंद होती, आत दिवा नव्हता, आणि काचेआड एक माणूस सीटला मान टेकून काहीतरी ऐकत बसलेला होता.