गवंडी कुठे शिकतो? बांधकाम प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले ते सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी माणसे हवी होती म्हणून. भिंत उभारणारा त्या वर्गांच्या हिशेबात नव्हता. तो बापाच्या, मामाच्या नाहीतर मुकादमाच्या हाताखाली शिकत होता. पुढे ओव्हरसियरची पदविका झाली, पदवी झाली, स्वातंत्र्यानंतर आयटीआय आल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला, पण त्याची घडण कारखान्याची: कायमचा पत्ता, कायमचा हजेरीपट. स्लॅब भरला की टोळी पुढच्या कामावर जाते. तिथे उमेदवार कोणाच्या नावावर दाखवायचा, बिल्डरच्या की पोटठेकेदाराच्या? ठेकेदारामार्फत लावलेले मजूरही कामगारांत मोजायचे हे ठरायला २०१४ची दुरुस्ती यावी लागली.

गवंड्याकडे सरकारचे नीट लक्ष गेले ते किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. ५२ गावे नव्या जागी वसवली, त्याची चर्चा अजून होते. त्याहून मोठे काम मात्र फारसे कोणाच्या तोंडी नाही. पावणेदोन लाखांवर घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि असल्या विखुरलेल्या कामाला मोठा ठेकेदार उपयोगाचा नव्हता. मग गावातल्याच गवंड्यांना शिकवावे लागले: भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड, कोपऱ्यांची जोडणी, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. मालकाने घर स्वतः करून घ्यायचे, अशी रीत होती, आणि गावोगावच्या बायांचे गट माहिती पोचवायला व कामावर नजर ठेवायला पुढे आले. कार्यक्रम संपला तसे शिकवणेही आटोपले. भुजनंतर, २००१मध्ये, गुजरातेत पुन्हा गवंडी प्रशिक्षण उभे राहिले. भूकंप झाल्याशिवाय गवंडी आठवायचा नाही, असा जणू नियमच.

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर आणला. महाराष्ट्राचे नियम २००७मध्ये झाले, कामगारांचे कल्याणकारी मंडळ २०११मध्ये. २०२५पर्यंत चाललेल्या त्या कायद्यात मंडळाच्या कामांची यादी होती: अपघातात मदत, निवृत्तिवेतन, आजारपण, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, घरकर्ज, विमा. प्रशिक्षणाचे नाव तीत नव्हते. ‘इतर कल्याणकारी उपाय’ एवढी फट तेवढी होती. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणला की नोंदणी होते. ते ९० दिवस तुम्ही काय केले आणि काय शिकलात, हे कोणी विचारत नाही.

खरा वाद २०१५नंतरचा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्य मान्यता आली. ज्याला काम येते त्याला वर्गात बसवायचे नाही, फक्त तपासायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी १२ तासांची ओळख (ओरिएंटेशन), मग चाचणी, उत्तीर्ण झाल्यास ५०० रुपये आणि अपघात विमा. समर्थकांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. चाळिशीतला गवंडी तीन महिने खाडा करून अभ्यासक्रमाला बसणार नाही, मग आहे त्या हुन्नराला निदान कागद तरी मिळू दे. आक्षेप असा की कौशल्य दिलेल्यांच्या आकड्यात ही माणसे मोजली गेली, पण त्यांना नवे काही दिले गेले नाही. त्यात उपकराचा पैसा अशा कामाकडे वळवायचा म्हटल्यावर प्रश्न टोकदार झाला, कारण तो पैसा मजुराचा आहे, परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या फीसाठी नाही. मला आक्षेपाची बाजू जास्त पटते. नाक्यावर भाव कागदावर ठरत नाही. ओळंबा कसा धरतो आणि एका दिवसात किती चौरस फूट प्लास्टर उतरवतो, हे पाहून मुकादम मजुरी ठरवतो. आणि मोजणीच करायची तर वीस वर्षे घमेले वाहिलेल्या बाईला काय मान्यता देणार? तिला थापी कधी हातात मिळालीच नाही. तिचे पूर्वकौशल्य कागदावरही बिगारीचेच राहते.

या वादाची परीक्षा अनपेक्षित जागी झाली. भारताशी झालेल्या नोव्हेंबर २०२३च्या करारानंतर इस्रायलला बांधकामाची माणसे हवी झाली: शटरिंग, सळई वाकवणे, प्लास्टर आणि टाइल्स. पगार महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये. निवडीत हातात हत्यार देऊन प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगितले. तरीही तिथे पोचलेल्यांपैकी अनेकांना नेमून दिलेले काम येत नसल्याच्या तक्रारी २०२४मध्ये छापून आल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिथे हुन्नराआधी भाषेचा उंबरठा आहे.

दहावीनंतर वाट निवडणाऱ्याला या इतिहासाचा परिणाम प्रवेशाच्या वेळीच दिसतो. आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या यादीसाठी चढाओढ असते आणि गवंडीच्या जागा उरतात. आरेखक स्थापत्यचा, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढण्याचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, पुढे पदवीलाही. गवंडीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. आणि १२ तासांची ओळख करून मिळालेल्या प्रमाणपत्रावर पदविकेला प्रवेश नाही, मग साइटवर पंधरा वर्षे काढलेली असोत.