निर्गुडीची काडी, तरवडाचं बी

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला काडी रुजवायला शिकवावं लागत नाही. डॉगरिज या द्राक्षवाणाच्या काड्या पिशवीत रुजवायच्या, शेतात लावायच्या आणि खुंट जोमदार झाला की त्यावर थॉमसनचं नाहीतर दुसऱ्या वाणाचं कलम बांधायचं, हे इथे गावोगाव चालतं. पण त्याच बागेच्या बांधावर उभ्या असलेल्या निर्गुडीसाठी हे कसब फारसं कुणी वापरत नाही. अंगणात झुडूप हवं असलं की आपण नर्सरीतून ड्युरांटा किंवा अकॅलिफा आणतो, दोन्ही परदेशी. नाशिकच्या आसपासच्या डोंगरउतारांवर आणि माळांवर मात्र निर्गुडी, तरवड, धायटी, करवंद ही झुडपं नुसत्या पावसावर जगतात. इथल्या मुरमाला आणि उन्हाला ती सरावलेली आहेत. घरीही ती छान होतात. फक्त कोणाची काडी लावायची आणि कोणाचं बी, हे ते झुडूप रानात कसं जगतं ते पाहून ठरवावं.

निर्गुडी ओढ्याकाठची. फांदी मोडली तरी पुन्हा फुटण्याची तिला सवय, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या. अगदी हिरवी नको, फार जून लाकडीही नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका, वरचा सरळ. खालची पानं काढा, वरच्या दोन पानांची बोटं निम्मी छाटा. वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धंअर्धं घेऊन त्यात दोन डोळे गाडले जातील अशी काडी खोचा.

तिरका आणि सरळ काप ठेवला की काडीचं खालचं टोक कोणतं ते चुकत नाही, आणि ते न चुकण्याला कारण आहे. शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून ते खाली वाहतं. काडी कापली की त्याची वाट तुटते आणि ते खालच्या कापाशी साचतं. मुळं फोडण्याचा इशारा पेशींना तिथेच मिळतो. हा प्रवाह एकाच दिशेचा असल्यामुळे काडी उलटी खोचली तर ऑक्झिन मातीबाहेरच्या टोकाकडे जातं आणि बहुधा काडी वाया जाते. कापावर आधी फिकट, खडबडीत गाठ येते. मुळं त्या गाठीतूनच येतात असं अनेकांना वाटतं, पण बहुतेक झुडपांत ती सालीच्या आत, रसवाहिन्यांच्या लगतच्या पेशींतून फुटतात. बाजारात मिळणारी आयबीए पावडर म्हणजे ऑक्झिनच्याच गटातलं, अधिक टिकाऊ रसायन. निर्गुडीला तिची गरज पडत नाही.

खरी अडचण पाण्याची असते. मुळं नाहीत आणि पानांतून पाणी उडतंच आहे, अशा अवस्थेत काडीला दिवस काढायचे असतात. म्हणून पानं छाटायची आणि वर तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली झाकणासारखी ठेवायची. एप्रिलच्या कोरड्या हवेत हा खटाटोप करू नये. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळं फार सावकाश धरतात. जून-जुलै उत्तम.

तरवडाचं गणित वेगळं आहे. त्याचं बी कडक सालीचं, पाणी आत शिरूच देत नाही. मृगाची पहिली सर पडून गेल्यावर पाऊस कधी कधी दोन-दोन आठवडे ओढ देतो. सगळं बी एकदम उगवलं तर ती रोपं माळावर करपून जातील. साल टप्प्याटप्प्याने झिजते, त्यामुळे काही बी यंदा उगवतं, काही पुढच्या वर्षासाठी राहतं. घरी मात्र आपण पाणी घालणार असतो. तेव्हा पॉलिश पेपरवर बी एका कडेने घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत, आणि रात्रभर पाण्यात टाका. सकाळी फुगलेलं बी लगेच पेरा. जे फुगलं नाही ते पुन्हा घासा. तरवडाच्या फुलात मध नसतो आणि परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रं असतात. भुंगे फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा पराग बाहेर झडतो. गच्चीवरच्या कुंडीतही हे पाहायला मिळतं.

करवंदाचं बी उलट्या स्वभावाचं, साठवलं की लवकर मरतं. मे महिन्यात खाल्लेल्या करवंदांचं बी धुऊन लगेच पेरावं. धायटीचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते ओल्या मातीवर नुसतं पसरावं, वर माती लोटू नये. कारवीच्या नादी कुंडीत लागू नये, ती ७ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते.

एका निर्गुडीच्या दहा काड्या म्हणजे तेच एक झाड दहा कुंड्यांत. रोग आला तर सगळ्यांवर सारखाच येणार. म्हणून काड्या चार-पाच वेगवेगळ्या झुडपांवरून घ्याव्यात, जमेल तिथे बीच वापरावं. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या जंगलातून रोपं उपटून आणू नयेत. बांधावरची, रस्त्याकडेची झुडपं पुरेशी आहेत, आणि बांध दुसऱ्याचा असेल तर विचारून घ्यावं. रुजलेली काडी हलकेच ओढली की हाताला अडते. त्यानंतरही ती वर्षभर पिशवीतच राहू द्यावी आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर जमिनीत लावावी. जमीन काळी असेल तर खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळावा. पाणी साचलं तर तरवड पहिल्याच पावसाळ्यात सडतो.