स्वतःलाच बघणारी स्क्रीन: शेअरिंगमधल्या आरशांच्या बोगद्यामागची गोष्ट

मीटिंगमधे कुणीतरी आख्खी स्क्रीन शेअर करतं आणि तो बोगदा सुरू होतो, म्हणजे मीटिंगच्या खिडकीत तीच स्क्रीन, तिच्यात परत तीच खिडकी. हे २०२० नंतर सगळ्यांनी पाहिलंय त्यामुळे जास्त सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते त्याला थांबवायच्या उपायांबद्दल. हा प्रकार स्क्रीन शेअरिंगइतकाच जुना आहे आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तो आधीपासून माहीत होता, पण त्यावरचा पहिला मोठा उपाय असा काढला गेला की बोगद्याशी काहीही घेणंदेणं नसलेली माणसं कित्येक वर्षं त्यात अडकली. त्यातला एक मीही, त्यामुळे थोडं तिखट लिहिलं जाईल.

आधी नावांचा घोळ. मीटिंगवाल्या अॅपमधे इशारा येतो तो ‘इन्फिनिटी मिरर’ असा. ब्राउझरवाले त्यालाच ‘हॉल ऑफ मिरर्स’ म्हणतात. पण १९९३ च्या डूम गेमपासून गेमवाल्यांकडे ‘हॉल ऑफ मिरर्स’ म्हणजे भलतंच काहीतरी आहे, तिथे भिंतीचं टेक्स्चर (तिच्यावर चिकटवायचं चित्र) नसलं की त्या जागी काहीच रंगवलं जात नाही आणि आधीच्या फ्रेमचे अवशेष तसेच राहून फराटे दिसतात, म्हणजे तिथे चित्र चित्रात शिरतच नाही. चित्रकलेवाले ‘ड्रॉस्ते इफेक्ट’ म्हणतात, ते नाव १९०४ च्या एका डच कोकोच्या डब्यावरून आलं, त्यावरच्या नर्सच्या हातातल्या ट्रेमधे तोच डबा आहे. आपल्याकडे सलूनमधे समोरासमोर आरसे असतात तिथे हे सगळ्यांनी लहानपणीच बघितलेलं असतं, खुर्चीच्या दांड्यांवर टाकलेल्या फळीवर बसून.

पण यातलं कुठलंच नाव नेमकं नाही. आरशात उशीर नसतो, डब्यावर हालचाल नसते. स्क्रीन शेअरिंगमधे दोन्ही असतात, म्हणून त्याचे खरे पूर्वज म्हणजे टीव्हीचा कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरकडे वळवल्यावर दिसणारं व्हिडिओ फीडबॅक, आणि मांडवातल्या माइकची ती कुईऽऽ करणारी शिट्टी. १९६३ मधे एका ब्रिटिश मालिकेचं टायटल याच व्हिडिओ फीडबॅकवर बनवलं, आणि १९८४ मधे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याच्या गतिशास्त्रावर रीतसर पेपर लिहिला. कॅमेऱ्यातून गेलेल्या चित्रात दर फेरीला थोडा धूसरपणा, थोडा तिरपेपणा मिसळतो म्हणून तिथे भोवरे आणि फुलं तयार होतात. सॉफ्टवेअरमधे पिक्सेल जसाच्या तसा उचलला जातो म्हणून आपल्याला सरळसोट चौकटींचा बोगदा मिळतो, फार तर कॉम्प्रेशनमुळे आतली अक्षरं खराब होतात. आणि तो अनंतबिनंत नसतो. १९२० पिक्सेल रुंदीची स्क्रीन निम्म्या रुंदीच्या खिडकीत दिसत असेल तर ९६०, ४८०, २४० असं होत होत सातवी प्रत १५ पिक्सेलची उरते आणि अकरावी एका पिक्सेलपेक्षा लहान. स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद दाखवणारं घड्याळ असेल तर ते मात्र जरूर बघा, आतल्या चौकटीत ते मागे पडत जातं, कारण दर फेरीचा उशीर साठत जातो.

आता मुद्द्याचं. १९९८ मधे केंब्रिजच्या एका रिसर्च लॅबने व्हीएनसी हे स्क्रीन शेअरिंगचं सॉफ्टवेअर सोर्स कोडसकट फुकट खुलं केलं आणि दुसऱ्याची स्क्रीन आपल्या खिडकीत बघणं हे कुणाही हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. त्याची पद्धत साधी होती, व्ह्यूअर (बघणाऱ्याकडचा प्रोग्राम) विचारतो काय बदललं, सर्व्हर (ज्याची स्क्रीन बघायची त्याच्याकडचा प्रोग्राम) तेवढेच बदललेले चौकोन पाठवतो, व्ह्यूअर ते रंगवतो आणि परत विचारतो. आता व्ह्यूअर आणि सर्व्हर एकाच विंडोज मशीनवर असले तर काय होईल? व्ह्यूअरने रंगवलं म्हणजे स्क्रीन बदलली, स्क्रीन बदलली म्हणजे सर्व्हरला नवीन चौकोन मिळाले, ते पाठवले की परत रंगवणं आलं, आणि त्या काळातला प्रोसेसर नुसता स्वतःचं तोंड बघण्यात खपायचा. युनिक्सवर ही भानगड सहसा व्हायची नाही कारण तिथला सर्व्हर खऱ्या मॉनिटरऐवजी स्वतःचा एक वेगळा, न दिसणारा डेस्कटॉप तयार करायचा. विंडोजवर मात्र तीच एक स्क्रीन.

म्हणून विंडोजच्या सर्व्हरमधे ठरवून टाकलं की त्याच मशीनवरून आलेलं कनेक्शन घ्यायचंच नाही. ‘लोकल लूप-बॅक कनेक्शन्स आर डिसेबल्ड’ (लूपबॅक म्हणजे मशीनने स्वतःलाच जोडणं) असा निरोप यायचा आणि विषय संपला. चालू करायचं असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) जाऊन अलाऊलूपबॅक नावाची नोंद १ करायची.

वरवर शहाणपणाचं वाटतं. गोम अशी की बोगदा होतो तो व्ह्यूअरची खिडकी कुठल्या स्क्रीनवर उघडली त्यावरून, आणि तपासत होते ते कनेक्शन कुठल्या पत्त्यावरून आलं हे. या दोन गोष्टी एक नाहीत. व्हीएनसीचं स्वतःचं ट्रॅफिक एन्क्रिप्ट व्हायचं नाही, त्यामुळे इंटरनेटवरून वापरायचं तर एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे दोन मशीनमधल्या एन्क्रिप्टेड जोडणीतून न्या (हा दुसरा बोगदा, उपयोगाचा) असा सल्ला खुद्द लॅबच्याच साइटवर होता. तसं नेलं आणि एसएसएच सर्व्हर त्याच मशीनवर असला, की व्हीएनसीला वाटायचं कनेक्शन १२७.०.०.१ या मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलंय, म्हणजे घरातूनच, आणि दार बंद! म्हणजे जो माणूस सुरक्षिततेसाठी खटाटोप करतोय त्यालाच अडवलं, आणि जो एन्क्रिप्शनशिवाय उघड्यावरून येतोय तो सरळ आत. मी एका ऑफिसमधे सपोर्टला होतो तेव्हा शहराबाहेरच्या एका मशीनला असं जोडायला बसलो आणि अर्धा दिवस फायरवॉलवाल्याशी भांडलो, त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

व्ह्यूअरचंही तेच. पत्ता लोकलहोस्ट (त्याच १२७.०.०.१ चं नाव) दिसला की तो समजायचा सर्व्हर याच मशीनवर आहे, मग कशाला कॉम्प्रेस करून पाठवायचं, आणि कच्चे पिक्सेल मागायचा. एसएसएचमधून डायल-अपवर हे केलं की एक मेन्यू उघडायला चहा होऊन यायचा. तिथे हेक्सटाइल ही चित्र आटोपशीर करून पाठवायची पद्धत हाताने सांगावी लागे.

बरं, एवढं करून आरशांचा बोगदा तरी बंद झाला का? नाही. मी तुझी स्क्रीन उघडली, तू माझी उघडलीस, दोघांचे पत्ते वेगळे, तपासणी पास आणि बोगदा दोन मशीन मिळून सुरू. डीफॉल्ट म्हणून बंदी ठेवणाऱ्यांची बाजू एवढीच धरता येईल की नवशिक्या माणूस पहिली टेस्ट स्वतःच्याच मशीनवर करतो आणि मशीन अडकलं तर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. ते खरंय. पण त्यासाठी ‘हे तुम्हीच आहात, तरी जोडू का?’ एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

गंमत म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपनेही जवळपास हेच केलं. त्यात आरशाचा प्रश्न तसा नव्हता, विंडोज एक्सपीत एका वेळी एकच जण बसणार म्हणून स्वतःला जोडायला क्लायंट नकार द्यायचा, पण फटका परत एसएसएचच्या बोगदेवाल्यांनाच. मग लोकांनी १२७.०.०.२ ची युक्ती काढली, तोही लूपबॅकच पत्ता पण क्लायंटला ओळखू यायचा नाही. २००४ मधे एक्सपीचं सर्व्हिस पॅक २ हे मोठं अपडेट आलं आणि १२७.०.०.१ सोडून बाकीचे लूपबॅक पत्तेच चालेनात, त्यासाठी वेगळा हॉटफिक्स (तेवढ्यापुरती दुरुस्ती) काढावा लागला.

पुढे विचार बदलला, नाकारण्याऐवजी लपवणं सुरू झालं. विंडोज ७ मधे अॅपला स्वतःची खिडकी कॅप्चरमधे काळी ठेवता यायला लागली, पण ते मुळात मजकूर जपण्यासाठी होतं आणि काळा ठोकळा दिसायचा. विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटमधे मात्र खिडकी कॅप्चरमधून पूर्ण वगळायची सोय आली, जणू ती तिथे नाहीच, मागचं दिसतं. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे आता स्वतःच्या खिडक्या लपवायचा पर्याय आहे तो यावरच. हे मला खरं उत्तर वाटतं कारण इथे पत्त्याचा अंदाज नाही, खिडकीलाच विचारलंय. अर्थात याच सोयीवर ऑनलाइन इंटरव्ह्यूत उत्तरं पुरवून स्वतः शेअरमधे न दिसणारी टूल्स पण निघाली, ते वेगळं दुखणं.

ब्राउझरमधे २०२२ पासून वेबसाइटला सांगता येतं की शेअरच्या यादीत माझा स्वतःचा टॅब दाखव किंवा दाखवू नको. काहीच सांगितलं नाही तर काय करायचं हे स्टँडर्डने ठरवलेलं नाही, ब्राउझरवर सोडलंय. म्हणजे डीफॉल्टचा वाद अजून तसाच आहे. आणि हे फक्त टॅबपुरतं, आख्खी स्क्रीन निवडली की बोगदा परत हजर.

लपवण्याचाही त्रास होणारे आहेतच. मीटिंगचं अॅपच शिकवायचं असतं अशा लोकांना, उदाहरणार्थ २०२० मधे इतर शिक्षकांना ट्रेनिंग देणारे शिक्षक, शेअर केलं की नेमकं तेच अॅप गायब. ते दाखवायचा टिकमार्क सेटिंगमधे खोलवर कुठेतरी असतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंना तो सापडलाच नाही, शेवटी त्यांनी मोबाईल स्टँडला लावला, लॅपटॉपच्या स्क्रीनकडे वळवला आणि त्यावरूनच मीटिंग जॉईन केली. त्यात बोगदा आला, पण कॅमेऱ्याचा, जरासा तिरपा, जुन्या टीव्हीवाल्यांसारखा.